जुन्या सायकलचे क्लिकचे गिअर जुळवायचेत? आधी अंतर मोजा, मग पार्ट घ्या

पावसाळा संपला की सोलापुरात जुन्या सायकली बाहेर निघतात. हवा बरी असते, सकाळी हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन यावंसं वाटतं, मग गच्चीवर गोणपाटाखाली पडलेली गिअरची सायकल खाली येते आणि दोन दिवसात मला फोन येतो, अरे क्लिक तर होतंय पण चेन जागची हलंना, बघ की जरा. दहातल्या सात-आठ वेळा सायकल चांगली असते, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलरही चांगला असतो, फक्त मधे कधीतरी कुणीतरी एक पार्ट बदललेला असतो आणि गिअर बदलायचा शिफ्टर, डिरेलर आणि मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा म्हणजे फ्रीव्हील, या तिघांतल्या बाकीच्या दोघांशी तो जुळत नसतो.

गेल्या दिवाळीत मावसभावानं त्याची नव्वदीतली सायकल आणली. त्याचं घर साखर पेठेत, खाली यंत्रमागाचं शेड, सायकल वर्षानुवर्षं त्या शेडच्या कोपऱ्यात उभी. मागं ६ चकत्यांचं फ्रीव्हील, मूळचा शिफ्टर तुटलेला, म्हणून त्यानं ऑनलाइन ७ स्पीडचा, म्हणजे ७ चकत्यांसाठीचा, शिमानो या जपानी कंपनीचा शिफ्टर मागवला. विकणारा म्हणाला सगळं सेमच असतंय, एक क्लिक जास्त येतो एवढंच. बसवला, पहिले दोन गिअर नीट पडले, तिसऱ्यापासून कडकड सुरू झाली आणि शेवटाला चेन धड या चकतीवर नाही धड त्या चकतीवर नाही अशी मधेच नाचायला लागली. तीन दिवस तो डिरेलरचे स्क्रू फिरवत बसला होता. स्क्रूनं हे कधीच सुटणार नव्हतं, कारण गोष्ट ॲडजस्टमेंटची नव्हतीच, हिशोबाची होती.

हिशोब एका ओळीचा आहे आणि हा एक कळला की बाकी सगळं आपोआप कळतंय. शिफ्टर एका क्लिकला जेवढी केबल ओढतो, त्याला डिरेलरच्या पटीनं गुणायचं, आणि येणारं उत्तर दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं यायला पाहिजे. शिमानोच्या साध्या डिरेलरची पट साधारण १.७ आहे, म्हणजे केबल १ मिलिमीटर ओढली की डिरेलर १.७ मिलिमीटर सरकतो. ७ स्पीडचा शिफ्टर एका क्लिकला २.९ मिलिमीटर केबल ओढतो, गुणाकार ४.९३. ७ चकत्यांच्या फ्रीव्हीलमधे अंतर ५ मिलिमीटर असतंय, बरोबर बसलं. पण भावाच्या ६ चकत्यांच्या फ्रीव्हीलमधे अंतर ५.५ होतं. म्हणजे प्रत्येक क्लिकला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जरा जास्त कमी पडायलाय. एका क्लिकला ते खपून जातं, तीन क्लिकला १.७ मिलिमीटर होतं, पाच क्लिकला २.८ च्या पुढं जातं, म्हणजे बरोबर दोन चकत्यांच्या मधोमध. चेन मधे नाचणारच.

त्याला हे समजावताना मला त्याचा यंत्रमागच उपयोगी पडला. मागावर विणलेलं कापड पुढं ओढून घेणारी दातेरी चाकं असतात ना, त्यातलं चेंज व्हील बदललं की इंचात बसणारे पिक, म्हणजे आडवे धागे, बदलतात. चाक एक-दोन दात्यांनी चुकीचं घातलं तर एका धाग्याला काही कळत नाही, पण हातभर कापड झालं की पोत वेगळा दिसतो. तो लगेच म्हणाला, म्हणजे फरक साठत जातोय. तेच. फरक साठत जातो, म्हणून पहिले दोन गिअर नीट पडतात आणि माणूस फसतो, त्याला वाटतं थोडं ॲडजस्ट केलं की पुढचेही पडतील.

आता हा गोंधळ जुन्याच सायकलींत जास्त का, तर १९८४ च्या आधी क्लिक ही भानगड बहुतेक नव्हतीच. फ्रिक्शनचे शिफ्टर असायचे, दांडी हवी तेवढी ओढायची, कानानं आवाज ऐकायचा आणि चेन बसली की सोडायची. त्यात कुठलाही शिफ्टर कुठल्याही डिरेलरला चालायचा, कारण अंतर माणूस ठरवायचा. १९८४ ला शिमानोनं ड्युरा-एस ७४०० या रेसिंगच्या मालिकेत एसआयएस नावाची क्लिकची पद्धत आणली आणि अंतर शिफ्टर ठरवायला लागला. त्याच वर्षी अजून एक गोष्ट झाली. सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीनं १९६४ ला तिरक्या समांतरभुज डिरेलरचं पेटंट घेतलं होतं, ज्यामुळे डिरेलरची वरची पुली, म्हणजे चेन ज्यावरून जाते ते छोटं चाक, प्रत्येक चकतीपासून जवळजवळ सारख्या अंतरावर राहते, ते पेटंट १९८४ मधे संपलं. क्लिक अचूक पडायला हीच गोष्ट लागत होती. त्यानंतर क्लिकची आपापली पद्धत म्हणून सनटूरनं ॲक्युशिफ्ट आणलं, कॅम्पाग्नोलोनं सिंक्रो आणलं, साक्स-ह्युरेनं एरिस आणलं, आणि प्रत्येकानं आपापलं माप धरलं. त्यामुळे त्या दहा-बारा वर्षांतले पार्ट दिसायला भाऊ-भाऊ असले तरी एकमेकांत जात नाहीत.

म्हणून दुकानात जायच्या आधी, ऑनलाइन ऑर्डर टाकायच्या आधी, तीन गोष्टी मोजा. एक व्हर्निअर कॅलिपर पाहिजे. सोलापुरात तो मिळवणं अवघड नाही, गल्लीत एखादा माग दुरुस्त करणारा फिटर किंवा लेथवाला असतोच, तासाभरासाठी कुणीही देतं.

पहिलं फ्रीव्हील. दोन शेजारच्या चकत्यांमधली फट मोजू नका, चकतीची जाडी त्यात गोंधळ घालते. स्टीलची पट्टी सगळ्यात छोट्या चकतीच्या बाहेरच्या अंगाला टेकवून मोठ्या चकतीवर पसरवा, आणि व्हर्निअरच्या मागून निघणारी खोली मोजायची काडी पट्टीपासून मोठ्या चकतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत सोडा. जो आकडा येईल त्याला चकत्या वजा एक यानं भागा. ६ चकत्या असतील आणि २७.५ आलं तर ५ नं भागून ५.५. ७ चकत्यांना ३० आलं तर ६ नं भागून ५. ८ ला ३३.६ च्या आसपास येतं, म्हणजे ४.८. ९ ला दोन चकत्यांतलं अंतर ४.३५ च्या जवळ. ५ स्पीड आणि बहुतेक जुनी ६ स्पीड ५.५ ची, पण सगळी ६ स्पीड ५.५ ची नाहीत हं, सनटूरची अल्ट्रा-६ मुद्दाम अरुंद केलेली, ५ स्पीडच्या फ्रेममधे ६ चकत्या बसाव्यात म्हणून. चकत्या मोजून ऑर्डर टाकणाऱ्याची इथंच चूक होते. आणि पट्टी टेकवताना फ्रीव्हीलची बॉडी मधे पुढं आलेली असेल तर पट्टी तिरकी बसते, ते बघा, नाहीतर आकडा खोटा येईल.

दुसरं शिफ्टर. केबल डिरेलरपासून सोडवा, खालच्या टोकाला पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली बांधा म्हणजे एक किलोचा ताण राहील, आउटरच्या, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीच्या, तोंडाशी केबलवर मार्करनं खूण करा, सगळे क्लिक करा आणि खूण किती सरकली ते मोजा. शिमानो ६ स्पीडला एकूण १६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे क्लिकला ३.२. ७ स्पीडला १७.४ च्या जवळ, क्लिकला २.९. ८ ला १९.६, क्लिकला २.८. ९ ला क्लिकला २.५. जुन्या दांडीच्या शिफ्टरमधे एक गोष्ट लक्षात येईल, क्लिकच्या वेळी दांडी थोडी पुढं जाऊन परत मागं येते. हे मुद्दाम केलेलं आहे, चेन वर चढायला डिरेलरनं चकतीच्या जरा पुढं जावं लागतं. मोजताना दांडी पूर्ण बसल्यावरच मोजा, हातात धरलेली असताना मोजू नका.

तिसरं डिरेलर. शिफ्टरशिवाय केबल बरोबर १० मिलिमीटर ओढा आणि वरची पुली किती सरकली ते बघा. साधा शिमानो १७ च्या आसपास. १९ आलं तर तो बहुतेक १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा ड्युरा-एस. ११ आलं तर स्रॅम या अमेरिकी कंपनीच्या ईएसपी पद्धतीचा. हे माप घरी अगदी काट्यावर येणार नाही, पण १७ आणि ११ मधला फरक कळायला तेवढं पुष्कळ आहे.

ड्युरा-एसबद्दल थोडं सांगतो कारण पुण्या-मुंबईहून, कधी परदेशातल्या नातेवाइकाकडून असा एखादा सुंदर डिरेलर येतो आणि घेणारा खूप आनंदात असतो. नंतरच्या साध्या शिमानोपेक्षा ७४०० मालिकेच्या डिरेलरची पट जास्त, १.९. म्हणून त्याला त्याच मालिकेचा शिफ्टर लागतो, जो केबल कमी ओढतो. साधा ७ स्पीड शिफ्टर त्याला लावला तर २.९ गुणिले १.९ म्हणजे ५.५१, म्हणजे ७ चकत्यांच्या फ्रीव्हीलला पुढं पुढं जाणार. पण बघा, ५.५१ म्हणजे जुन्या ६ स्पीडचं अंतरच की. त्यामुळे साधा ७ चा शिफ्टर, जुना ड्युरा-एस डिरेलर आणि ५.५ चं ६ स्पीड फ्रीव्हील, हे त्रिकूट आकड्यावर बसतं, शिफ्टरची सातवी जागा फक्त रिकामी राहते आणि ती डिरेलरला थांबवणाऱ्या लिमिट स्क्रूनं अडवायची. हिशोब हातात असला की असे रस्ते निघतात, नुसतं नाव बघून निघत नाहीत.

सनटूर असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण सेट असेल तरच क्लिकवर चालवा. त्यांच्या ७ स्पीडमधे चकत्यांमधली अंतरं सगळी सारखीसुद्धा नसतात, शिफ्टरचे क्लिकही त्याच हिशोबानं कमी-जास्त, त्यामुळे शिमानोचं फ्रीव्हील घातलं की एखादा गिअर नीट आणि शेजारचा खराब असं होतं. पण त्यांच्या बऱ्याच शिफ्टरवर फ्रिक्शनला वळवायची सोय असते, ती वापरा. सनटूर बनवणारी मूळ कंपनी १९९० च्या दशकातच बंद झाली, नवीन पार्ट मिळायची आशा धरू नका. कॅम्पाग्नोलोच्या सिंक्रोमधे आत वेगवेगळ्या फ्रीव्हीलसाठी बदलायची खाचांची चकती असते, ती कुठली आहे हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि मुठीसारखे फिरवायचे ग्रिप शिफ्ट दिसले तर ते शिमानोच्या मापाचे आहेत की स्रॅमच्या स्वतःच्या, ते बाटली बांधून मोजा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ७ स्पीडला एकूण २७ मिलिमीटरच्या आसपास केबल आली तर ते स्रॅमचे, शिमानोच्या डिरेलरला लावून उपयोग नाही. अजून एक, १९७० च्या दशकातल्या शिमानो पॉझिट्रॉनमधे क्लिक शिफ्टरमधे नसून डिरेलरमधेच असतात आणि केबलच्या जागी कडक तार असते जी ओढते आणि ढकलतेही. असा दिसला तर त्याला दुसऱ्या कशाशीच जोडायचा प्रयत्न करू नका.

८ चा शिफ्टर ७ च्या फ्रीव्हीलला चालतो का, हा नेहमीचा प्रश्न. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६, पाहिजे ५, क्लिकला पाव मिलिमीटर कमी. मधल्या चकतीवर अचूक जुळवलं तर दोन्ही टोकांना पाऊण मिलिमीटरपेक्षा कमीच चूक येते. शिमानोच्या वरच्या पुलीला बाजूला थोडी हलायची सूट मुद्दाम ठेवलेली असते, ती एवढं सांभाळून घेते. म्हणजे चालतं, सुरेख नाही चालत. नाइलाज असेल तर करा, पण ती पुली झिजून खूप डुलायला लागली म्हणून कुणी साध्या घट्ट पुलीनं बदलली असेल तर हे चालणार नाही.

भावाच्या सायकलला आम्ही काय केलं, तर त्याचं ६ चं फ्रीव्हील तसंही झिजलेलं होतं, मधल्या दोन चकत्यांचे दाते एका बाजूला वाकून वाघनखासारखे झाले होते, म्हणून शिफ्टर ठेवला आणि ७ चं हायपरग्लाइड फ्रीव्हील घेतलं. हायपरग्लाइडच्या चकत्यांना बाजूनं छोटे उतार कोरलेले असतात, चेन त्यावरून उचलली जाते, क्लिकच्या शिफ्टरला याच चकत्या जास्त मानवतात.

जुनं फ्रीव्हील काढणं हे एक वेगळंच काम आहे. पायडल मारलं की फ्रीव्हील हबवर घट्टच होत जातं, त्यामुळे वीस-तीस वर्षांत ते वेल्डिंग केल्यासारखं बसतं. छिन्नी-हातोड्यानं ठोकून काढणारे आहेत, त्यांच्याकडे देऊ नका. शिमानोला आतून दातेरी खाचा असतात, जुन्या सनटूरला दोन किंवा चार खोबण्या, त्या त्या मापाचंच पुलर लागतं. पुलर खाचेत बसवायचं, ॲक्सलचा नट हातानं हलका आवळून ते जागेवर धरायचं, मग लेथवाल्याच्या मोठ्या शिकंजात पुलर पकडायचं आणि चाक गाडीच्या स्टेअरिंगसारखं दोन्ही हातानं धरून डावीकडं फिरवायचं. दोघं लागतात. एकदम कट्ट आवाज येतो आणि सुटतं, त्या क्षणी नट सैल करा, नाहीतर तसंच फिरवत राहिलात तर नट आणि ॲक्सल दोन्ही खराब होतील. आणि चाकाच्या तारा बदलायच्या असतील तर फ्रीव्हील आधी काढा, तारा नंतर तोडा. तारा नसलेल्या हबवरून फ्रीव्हील काढायला पकडायला काही राहतच नाही.

भावाचं फ्रीव्हील निघालं तेव्हा मोठ्या चकतीच्या मागं, हबच्या बाजूला, काळी चकाकती गादी होती. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली तर ती कडीसारखी अख्खी बाहेर आली, आत पांढरा, लाल आणि हिरवा धागा, चादरीचा, ग्रीसमधे भिजून नमद्यासारखा झालेला. मागाच्या शेडमधे खाली पडलेला धागा चाकात ओढला जाऊन किती वर्षं गुंडाळत गेला असेल. तोच धागा आतल्या पॉलपर्यंत, म्हणजे फ्रीव्हीलला एकाच दिशेनं पकडणाऱ्या खिट्ट्यांपर्यंत, पोचला की ते चिकटतात आणि मग कधीकधी पायडल नुसतंच फिरतं, सायकल पुढं जात नाही. मागाच्या घरात सायकल ठेवणाऱ्यांनी महिन्यातनं एकदा मागच्या चकत्यांमधे बोट घालून धागा बघावा, ब्लेडनं कापून काढावा.

नवीन फ्रीव्हील घ्यायच्या आधी हबचे आटे बघा. आपल्याकडे मिळणारी बहुतेक फ्रीव्हील १.३७५ इंच व्यास आणि इंचात २४ आटे या मापाची. जुन्या फ्रेंच हबला ३४.७ मिलिमीटरचे आणि १ मिलिमीटर पिचचे आटे असतात, त्यावर हे जबरदस्ती चढवलं तर हबचे आटे जातात आणि हब भंगारात. हातानं दोन-तीन फेरे सहज गेलं पाहिजे, तिथंच अडत असेल तर थांबा, पान्हा उचलू नका. आट्यांना ग्रीस लावा, भरपूर लावा, पुढं काढणाऱ्याचं भलं होईल.

मग जागा. ६ स्पीडच्या पहिल्या ते शेवटच्या चकतीत २७.५ मिलिमीटर, ७ मधे ३०, म्हणजे अडीच मिलिमीटर जास्त. ही जास्तीची जागा फ्रेमच्या बाजूला खाल्ली जाते. छोट्या चकतीवर चेन ठेवून फ्रेमला घासते का बघा, मधे दोन-तीन मिलिमीटर मोकळं पाहिजे. आमच्याकडे घासत होतं, उजव्या बाजूला ॲक्सलवर एक वॉशर घातला. वॉशर घातला की रिम फ्रेमच्या मधे राहत नाही, म्हणून उजव्या तारा आवळून आणि डाव्या सोडून रिम परत मधे आणावी लागते, हे काम ज्याला चाकाचा आउट काढता येतो त्याच्याकडूनच करून घ्या. फ्रेमच्या मागच्या दांड्यांमधलं अंतर ५ स्पीडला १२०, ६-७ ला १२६, रेसिंगच्या ८ ला १३० मिलिमीटर असतंय, स्टीलची फ्रेम असेल तर दोन-तीन मिलिमीटर हातानं फाकवून चाक बसतं, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हा प्रयोग करू नका.

आता आउटर. माझ्या अनुभवात पार्ट जुळत असूनही क्लिक न बसायचं सगळ्यात मोठं कारण हेच. ब्रेकचा आउटर आतून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, ताण आला की तो थोडा दबतो. ब्रेकला त्याचं काही वाटत नाही. पण गिअरला एका क्लिकची केबलच २.९ मिलिमीटर, त्यातला एक मिलिमीटर आउटरनं खाल्ला तर एक तृतीयांश क्लिक गायब. गिअरच्या आउटरमधे तारा उभ्या, लांबीच्या दिशेनं असतात, तो दबत नाही. तोच आउटर घ्या, ४ मिलिमीटरचा, आणि केबल १.२ ची. उलट मात्र कधीच करू नका, म्हणजे गिअरचा आउटर ब्रेकला लावू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर त्या उभ्या तारा फुटून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक जातो, हे जिवावर बेतणारं आहे. कापताना तोंड सपाट कापा, आत दबलेली प्लॅस्टिकची नळी सुईनं उघडा, टोपी घाला. आपल्याकडची काळी माती एकदा आउटरमधे गेली की उन्हानं वाळून खडू होते, म्हणून डिरेलरजवळचा तो शेवटचा वळणाचा तुकडा दर वर्षी बदला, तो काही महाग नाही.

केबल डिरेलरच्या बोल्टखाली कुठल्या बाजूनं दाबायची तेही बघा. तिथं बारीक खोबण असते, केबल त्या खोबणीतूनच गेली पाहिजे. बोल्टच्या दुसऱ्या बाजूनं दाबली तर डिरेलरची पट बदलते आणि सगळा हिशोब बिघडतो. एका मित्राच्या सायकलला मी दोन तास वेड्यासारखं शोधत होतो, शेवटी एवढंच निघालं.

हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो भाग, मागून बघा, डोळा चकत्यांच्या रेषेत आणून. दोन्ही पुल्या आणि चकती एका उभ्या रेषेत पाहिजेत. सायकल उजव्या बाजूला एकदा जरी पडली असेल तरी हँगर आत वाकलेला असतो. मागच्या चाकाच्या नटखाली बसणारी पत्ती असेल तर ती आधी घट्ट आणि सरळ बसवा. फ्रेमचाच स्टीलचा हँगर असेल तर एक सोपी युक्ती आहे, क्विक रिलीजच्या मागच्या चाकाच्या पोकळ ॲक्सलचे आटे आणि हँगरच्या भोकाचे आटे एकच, १० मिलिमीटर आणि १ पिच. ते दुसरं चाक हँगरमधे फिरवून बसवा, दोन चाकं समांतर दिसतात का बघा, नसतील तर त्याच चाकाला धरून हळूच वाकवा.

चेन ६-७-८ स्पीडची म्हणून मिळते तीच घ्या, साध्या सायकलची जाड चेन अजिबात नाही. चेनच्या २४ कड्या मोजा, नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात, ३०६.४ झाल्या की चेन बदला, ३०८ पर्यंत गेल्या असतील तर फ्रीव्हीलही गेलं समजा, नुसती नवी चेन घातली तर चढावर सटकेल.

हे सगळं जुळल्यावर ॲडजस्टमेंट पाच मिनिटांची आहे. केबल सोडलेली असताना एच लिहिलेल्या स्क्रूनं वरची पुली सगळ्यात छोट्या चकतीच्या बरोबर खाली आणा. हातानं डिरेलर आत ढकलून एल च्या स्क्रूनं ती मोठ्या चकतीच्या खाली थांबवा, याच्या आत जायलाच नको, नाहीतर चेन तारांमधे पडते. मग शिफ्टर पूर्ण सोडून केबल हलकी ताणून बोल्ट आवळा. एक क्लिक करा, चेन दुसऱ्या चकतीवर गेली पाहिजे. आता पायडल हातानं फिरवत बॅरल, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा गोल नट, थोडं थोडं डावीकडं फिरवा, चेन तिसऱ्या चकतीला घासून किरकिर करायला लागली की थांबा, आणि किरकिर बंद होईल एवढंच मागं आणा. पाव फेरा, अर्धा फेरा, याच्यापेक्षा जास्त लागत नाही. जास्त लागत असेल तर परत मोजमापाकडं जा, बॅरलशी भांडू नका.

आणि आकडे काही केल्या जुळत नसतील, पार्ट मिळत नसतील, तर जुना फ्रिक्शनचा शिफ्टर लावा. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्यांच्याकडे सनटूर आहे, अरुंद ६ स्पीड आहे, त्यांना मी हाच सल्ला देतो, आठवड्याभरात हाताला जागा कळतात. पण नवीन काहीतरी घ्यायचंच असेल तर आजच्या घडीला ७ स्पीड हायपरग्लाइड फ्रीव्हील, ७ चा शिमानो शिफ्टर आणि शिमानोचाच टूर्नी डिरेलर, तिन्ही नवे मिळतात, तिन्ही एकमेकांशी जुळतात. डिरेलर घेताना मोठ्या चकतीचे दाते बघा, छोट्या पिंजऱ्याचे (पिंजरा म्हणजे दोन्ही पुल्या धरणारा भाग) रेसिंगचे डिरेलर बहुतेक २६-२८ दात्यांपर्यंतच जातात, १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील घातलं तर लांब पिंजऱ्याचा लागतो.

भावाची सायकल आम्ही आधी संभाजी तलावापर्यंत नेली, सपाट रस्त्यावर सगळे सात गिअर टकाटक पडले, तो खूश. मी म्हटलं थांब, स्टँडवर आणि सपाटीवर सगळंच पडतंय. पुढच्या रविवारी पहाटे तुळजापूर रोडला निघालो. घाट चढताना पायावर जोर असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर टाकायला लावला, एक गिअर जरा उशिरा बसला, तिथंच उभं राहून बॅरल पाव फेरा फिरवला, मग वरपर्यंत एकदाही चेन सटकली नाही. नव्या केबलला पहिल्या शंभरेक किलोमीटरमधे आउटर टोपीत दबून बसतात आणि ताण सैल होतो, तेव्हा आठवड्याभरानं पुन्हा एकदा बॅरल बघा. आणि तुमचे तीन आकडे, फ्रीव्हीलचा, शिफ्टरचा, डिरेलरचा, कागदाच्या टेपवर लिहून सीटच्या खाली चिकटवून ठेवा, पुढचा पार्ट घ्यायला जाताना दुकानदाराला तेच दाखवा.